एका ‘पंच’मागची चार घराणी

परवा पेपर चाळताना ‘पंच’ हा शब्द एकाच अंकात पुन्हा पुन्हा भेटला. क्रीडा पानावर पंचांनी फलंदाजाला पायचीत दिलं होतं. त्याच पानावर खाली एका बॉक्सरच्या डाव्या हाताच्या पंचचं कौतुक होतं. शहराच्या पानावर पोलिसांनी दोन पंचांसमक्ष पंचनामा केला होता. पुरवणीतल्या नाट्यपरीक्षणात ‘संवादांना पंच नाही’ अशी तक्रार होती आणि तिच्या शेजारी उन्हाळ्यासाठी कलिंगडाच्या पंचची कृती दिली होती.

यातले क्रिकेटचे पंच आणि पंचनाम्याचे पंच आपले. गावातले पाच जाणते बसून निवाडा करायचे, त्यावरून आलेले, म्हणजे संस्कृत ‘पञ्च’चे वंशज. पंचनाम्यातलं ‘नामा’ मात्र फारसी. उरलेले तिघे, म्हणजे ठोसा, संवादातला पंच आणि पेय, इंग्रजीतून आले. या तिघांकडे जरा खोलात पाहिलं तर लक्षात येतं की इंग्रजीतही ‘पंच’ हा एक शब्द नाही. वेगवेगळ्या देशांतून आलेले तीन-चार शब्द तिथे एकाच स्पेलिंगखाली राहतात. आणि त्यातल्या एकाचं मूळ कदाचित आपल्याच ‘पाच’मध्ये आहे. या ‘कदाचित’वर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो वादच फार आवडतो.

पुढे जाण्याआधी एक फरक स्पष्ट करून घेऊ. त्यासाठी आपला ‘पान’ हा शब्द पुरेसा आहे. झाडाचं पान, विड्याचं पान, पुस्तकाचं पान, आणि ‘चला, पानं घेतली आहेत’ म्हणतो ते जेवणाचं पान. अर्थ चार, पण शब्द एकच. मूळ ‘पर्ण’. विडा पानाचा, जेवण पानावर, लिखाणही एकेकाळी पानावर, म्हणून अर्थाला फांद्या फुटत गेल्या. आता ‘मद्यपान’ घ्या. यातल्या ‘पान’चा पर्णाशी काही संबंध नाही. तो पिणे या अर्थाच्या ‘पा’ धातूतून आला. कानाला दोन्ही सारखे लागतात, पण कुळं वेगळी. एका शब्दाला फांद्या फुटणं आणि दोन शब्द योगायोगाने सारखे दिसणं या दोन वेगळ्या घटना आहेत. मोठे इंग्रजी शब्दकोश म्हणूनच ‘पंच’ची एकच नोंद करत नाहीत. प्रत्येक कुळाला वेगळी नोंद, वेगळा क्रमांक आणि वेगळा इतिहास देतात.

पहिलं घराणं टोचण्याचं. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार अवजाराचं नाव तयार झालं, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते क्रियापद म्हणून इंग्रजीत शिरलं. तेव्हा ‘पंच’ करणं म्हणजे टोचणं, ढोसणं, भोक पाडणं. मुठीने ठोसा मारण्याचा अर्थ त्यानंतर शतकभराने, सोळाव्या शतकात दिसू लागतो. आज मुख्य वाटणारा अर्थ मुळात धाकटा आहे. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात ते तो गाईंना ठोसे मारतो म्हणून नाही. तो काठीने ढोसून गुरं हाकायचा, म्हणजे तिथे जुना अर्थच टिकून राहिला.

या घराण्याचा गोतावळा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. पॉइंट म्हणजे टोचल्याने उमटलेला ठिपका. पंक्च्युअल म्हणजे त्या ठिपक्यावर नेमका येणारा. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुई टोचतात हे उघडच आहे. आणि हमरस्त्याच्या कडेला, टायर टांगलेल्या टपरीवर ‘पंक्चर काढून मिळेल’ अशी पाटी असते, तेही याच लॅटिन धातूचं पोर. ‘पंक्चर काढणे’ हा प्रयोग मला नेहमीच सुंदर वाटत आला आहे. भोक काढता येत नाही, बुजवावं लागतं. पण मराठीने काटा काढावा तसं पंक्चर काढलं, आणि मूळ अर्थ टोचण्याचा असल्यामुळे ते अगदी चपखल बसलं.

संवादातला पंच याच ठोशाचा. विनोदाच्या शेवटी जे वाक्य येऊन आदळतं ती पंचलाइन. हा शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला, म्हणजे तसा कालचाच.

दुसरं घराणं इटलीतलं, आणि त्याचा ठोशाशी काहीही संबंध नाही. नेपल्सच्या लोकनाट्यात पुल्चिनेल्ला नावाचं एक पात्र होतं. चोचीसारख्या नाकाचा मुखवटा, सैल पांढरे कपडे, आणि स्वभावाने खादाड, लबाड. नावाचा संबंध बहुधा पक्ष्याच्या पिल्लाशी आहे. इटालियनमध्ये कोंबडीच्या पिल्लाला ‘पुल्चीनो’ म्हणतात. हे पात्र कळसूत्री बाहुली होऊन इंग्लंडला पोचलं. ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये सॅम्युएल पेप्सने एका इटालियन बाहुलीवाल्याचा खेळ पाहिला आणि रोजनिशीत टिपून ठेवला. इंग्रज त्या नोंदीला आपल्या ‘मिस्टर पंच’चा वाढदिवस मानतात. पुल्चिनेल्लाचं इंग्रजांच्या तोंडी ‘पंचिनेल्लो’ झालं आणि त्याचं आखूड रूप ‘पंच’.

हा बाहुला पुढे हातमोज्यासारखा हातात घालायचा झाला, आणि खेळात बायकोपासून पोलिसापर्यंत सगळ्यांना दांडक्याने बडवू लागला. त्यामुळे त्याचं नाव मारामारीवरून पडलं असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. नाव आधीचं आहे, आणि ते पिल्लाचं आहे. सारखेपणावरून नातं जोडण्यातला धोका दाखवायला मी नेहमी हेच उदाहरण देतो.

पेप्सच्याच रोजनिशीत १६६९ सालची आणखी एक नोंद आहे. एका कुटुंबात गुबगुबीत मुलाला ‘पंच’ म्हणून हाक मारताना त्याने ऐकलं. जे जे आखूड आणि जाड त्याला आता सर्रास ‘पंच’ म्हणतात, असं तो लिहितो. म्हणजे खेळ पाहिल्याला सात वर्षंही होत नाहीत तोच विशेषनामाचं विशेषण झालं होतं. इंग्लंडच्या सफोक परगण्यात शेतीच्या कामाचा एक धिप्पाड, आखूड पायांचा, तांबूस घोडा असतो, त्याला ‘सफोक पंच’ म्हणतात, ते या अर्थाने. त्या जातीतला आजचा प्रत्येक घोडा १७६८ साली जन्मलेल्या एकाच नराचा वंशज आहे. घोड्याचा वंश इतका सरळ, आणि नावाचा इतका गुंतागुंतीचा.

बाहुल्याच्या नावावरून १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघालं. ‘कार्टून’ हा शब्द व्यंगचित्र या अर्थाने रुळला तो १८४३ मध्ये याच साप्ताहिकामुळे. पुढे ही कल्पना हिंदुस्थानात आली: मुंबईत १८५४ मध्ये ‘पारशी पंच’, लखनौमध्ये १८७७ मध्ये उर्दू ‘अवध पंच’, नंतर मुंबईचं ‘हिंदी पंच’, आणि मराठीत ‘हिंदू पंच’ नावाचं पत्र. इथे मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. लंडनच्या वाचकाला ‘पंच’ म्हणजे वाकड्या नाकाचा बाहुला दिसायचा. आपल्या वाचकाला मात्र त्याच नावात निवाडा करणारा पंच ऐकू यायचा. सरकारच्या आणि समाजाच्या चुका दाखवणाऱ्या पत्राला हा अर्थ लंडनच्या अर्थापेक्षाही शोभून दिसतो. ‘हिंदी पंच’च्या व्यंगचित्रांत तर त्या बाहुल्याचा चक्क ‘पंचोबा’ झाला. विठोबा, खंडोबा, तसा पंचोबा. परक्या नावाला आपल्या घरात घेण्याची ही तऱ्हा फार जिवंत आहे.

आता ते पेय.

आजचं फ्रूट पंच म्हणजे सरबताचा थोरला भाऊ, पण मूळ पंच दारूचं. त्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इंग्लंडमधला नाही, हिंदुस्थानातला आहे. सप्टेंबर १६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने पेटापोलीच्या वखारीशी संबंधित एका पत्रात, तिथल्या मंडळींच्या पंच पिण्याबद्दल एक वाक्य लिहिलं. पेटापोली म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरचं आजचं निजामपट्टणम. १६३८ मध्ये मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला. इंग्रज तिथे ‘पालेपुंट्झ’ पितात असं तो सांगतो आणि कृतीही देतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. औरंगजेबाच्या काळातला फ्रेंच वैद्य बर्नियर ‘बूलपोंज’ लिहितो. ही दोन्ही नावं म्हणजे ‘बोल ऑफ पंच’ किंवा ‘बोल-पंच’, पंचचा वाडगा, असं परदेशी कानांनी जसं ऐकलं तसं.

मग येतो जॉन फ्रायर. शिवकालाचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव परकं नाही. कंपनीचा हा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईला आला, मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरपर्यंत जाऊन आला, कारवार-गोव्याकडेही फिरला, आणि त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. गोव्याबद्दल लिहिताना तो सांगतो की नेरूळला सगळ्यांत उत्तम आरक मिळतो. हे बार्देशातलं नेरूळ, नवी मुंबईतलं नव्हे. त्या आरकापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज एक अंगातली शक्ती घालवणारं पेय करतात, त्याचं नाव ‘पॉंच’, हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिनसा पडतात. ‘आरक’ हा शब्द अरबीतला, मूळ अर्थ घाम. भट्टीच्या झाकणावर जमणारे थेंब घामासारखेच ना. गोव्यात काजूची पहिल्या धारेची दारू आजही ‘हुर्राक’ या नावाने मिळते, तो हाच शब्द.

तर दारू, पाणी, लिंबू, साखर, मसाला अशा पाच जिनसा म्हणून पंच. पाठ्यपुस्तकांत, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हीच गोष्ट सांगितली जाते. आपल्याला ती गोड वाटते हे साहजिक आहे. पंचामृत आपल्या देवघरात असतं. दूध, दही, तूप, मध, साखर. पाच जिनसांच्या मिश्रणाला पाचाचं नाव देणं हा आपल्या भाषांचा स्वभावच आहे. पण गोड वाटणं हा पुरावा नव्हे, आणि या व्युत्पत्तीवर तीन वजनदार आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप जिनसांचा. मांडेल्स्लोच्या यादीत चार जिनसा आहेत. बर्नियरच्या यादीतही चारच: आरक, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किसलेलं जायफळ. ‘पाच’ ठामपणे सांगणारा फ्रायर पहिल्या उल्लेखानंतर चाळीसेक वर्षांनी आला. तोवर नाव रुळलेलं होतं, आणि लोक त्याचा अर्थ लावू लागले होते. फ्रायरचं वाक्य हे त्या अर्थ लावण्याचं साक्षीपत्र आहे, नामकरणाचं नव्हे.

दुसरा आक्षेप जागेचा. पहिला उल्लेख तेलुगू मुलखातला, आणि तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. हा आक्षेप मला त्या मानाने कच्चा वाटतो. कंपनीचे लोक त्याआधी वीस वर्षं सुरतेत होते, गुजराती आणि हिंदुस्थानी ‘पाँच’ रोज ऐकत होते, आणि खलाशांची भाषा बंदराबंदरातून फिरत असते.

तिसरा आक्षेप उच्चाराचा, आणि तो सगळ्यांत खोल आहे. आज इंग्रज ‘पंच’ म्हणतो तेव्हा तो आपल्या ‘पंच’शी तंतोतंत जुळतो. म्हणूनच आपली फसगत होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शब्दातल्या ‘यू’ या अक्षराचा उच्चार ‘उ’ होता, शब्द ‘पुंच’ होता. आपण आज ‘कट’, ‘कप’ म्हणतो ते शब्द तेव्हा ‘कुट’, ‘कुप’च्या जवळचे होते. दक्षिण इंग्लंडमध्ये त्या शतकात हा ‘उ’ बदलून ‘अ’कडे सरकला, ‘पुट’, ‘फुल’, ‘बुल’ अशा काही शब्दांत तेवढा जुना स्वर राहिला. इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशायर-लँकेशायरकडे, आजही ‘कुप’ आणि ‘पुंच’च ऐकू येतं. जर्मन प्रवाशाने ‘पुंट्झ’ लिहिलं ते त्याच्या कानाच्या चुकीमुळे नाही. त्याने जे ऐकलं तेच लिहिलं. आता प्रश्न असा की ‘पाँच’ ऐकून इंग्रज खलाशी ‘पुंच’ का म्हणेल? दीर्घ ‘आ’ त्याच्या भाषेत नव्हता असं तर नाही.

मग दुसरा दावेदार कोण? ‘पंचन’ नावाचं मोठं लाकडी पिंप. जहाजांवर दारू अशा पिंपांतून जायची. खलाशांनी पिंपाचं नाव तोडून आतल्या दारूला दिलं असावं, असं या बाजूचं म्हणणं. स्वर नीट जुळतो. हे पिंपाचं नाव आणि टोकदार अवजाराचं जुनं नाव फ्रेंचमध्ये एकच दिसतं. पिंपावर ठसा मारला जायचा म्हणून तसं झालं असावं. ही बाजू खरी असेल, तर पेय पुन्हा टोचण्याच्या घराण्यातच परत जातं. पण यातही एक गाठ आहे. जुने उल्लेख पिंपाचे नाहीत, वाडग्याचे आहेत. पंच वाडग्यात कालवला जायचा, सगळ्यांसमोर, पळीने वाढून. पिंपात असायची ती नुसती दारू.

मला स्वतःला वाटतं ते असं: नाव खलाशांनी आणलं असेल, पण ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर टिकलं आणि जगभर गेलं यात आपल्या ‘पाच’चा हात आहे. इथे ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या नावात पाचाचा आकडा दिसत होता, आणि ज्या शब्दाला अर्थ दिसतो तो लोक सोडत नाहीत. ऑक्सफर्डचा शब्दकोश साशंक आहे, इतर बरेच शब्दकोश पाचाच्या बाजूचे आहेत. पुढे ‘हे नक्की संस्कृतातून आलं’ असं कोणी छातीठोकपणे म्हणालं, तर त्याला निदान उच्चाराचा प्रश्न विचारावा.

पेयाचं म्हणाल तर ते इथून लंडनच्या कॉफीगृहांत, कॅरिबियन मळ्यांत, अमेरिकेत पोचलं. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी १७३१ मध्ये निघाली, तिच्या जहाजांतून पूर्वेकडचा आरक गोथेनबर्गला उतरू लागला, आणि ‘पुन्श’ हे तिथलं जणू राष्ट्रीय पेय झालं. स्वीडिश भाषेने त्या ‘उ’काराची खूण आजही जपली आहे.

पंच आणि दारू एकत्र आले म्हणजे हेच पेय, असंही समजू नये. ‘पंच-ड्रंक’ हा इंग्रजी शब्द ऐकून वाटतं, पंच पिऊन झिंगलेला. अर्थ आहे ठोसे खाऊन खाऊन भेलकांडणारा मुष्टियोद्धा. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने याच नावाने शोधनिबंध लिहिला आणि डोक्यावर वारंवार बसणाऱ्या माराने मेंदूचं काय होतं याकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं. आज खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींबद्दल जी काळजी घेतली जाते तिची एक मुळी तिथे आहे.

उलट, जिथे नातं दिसत नाही तिथे ते असू शकतं. संस्कृत ‘पञ्च’, ग्रीक ‘पेन्टे’, लॅटिन ‘क्विंक्वे’, फारसी ‘पंज’ आणि इंग्रजी ‘फाइव्ह’ ही सख्खी भावंडं. फारसी पंजवरून आपला ‘पंजा’, पाच बोटांचा. इंग्रजीतले बोटाला आणि मुठीला असलेले शब्द, ‘फिंगर’ आणि ‘फिस्ट’, हेही बहुधा याच पाचातून निघाले. म्हणजे मूठ पाचाची नातलग, पण त्या मुठीने मारलेला पंच नाही.

इंग्रजांच्या काळात बंदरांमधल्या गुत्त्यांना ‘पंच-हाउस’ म्हणत. त्याचं हिंदुस्थानीत ‘पंच-घर’ झालं. अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश नोंदवतो की उत्तर हिंदुस्थानात हेच ‘पंच-घर’ पुढे नगरपालिकेच्या बैठकीच्या जागेला म्हणू लागले. गुत्त्याचं सभागृह झालं, कारण ऐकणाऱ्याने ‘पंच’ आपल्या अर्थाने ऐकला.

आता टोचण्याच्या घराण्यातल्या ज्या वस्तूबद्दल मुद्दाम थांबलो होतो ती: अवजार. एसटीच्या कंडक्टरच्या हातातला तो चिमटा आठवत असेल. टकटक वाजवत तो तिकिटाच्या पेटीसह गर्दीतून पुढे सरकायचा आणि तिकिटाला भोक पाडायचा. अमेरिकेत रेल्वेचा कंडक्टर असंच भोक पाडून प्रवाशाचं वर्णन तिकिटावर नोंदवायचा. ते पाहून हर्मन हॉलरिथला कल्पना सुचली की भोकांमध्ये माहिती साठवता येईल. १८९० ची अमेरिकेची जनगणना त्याच्या यंत्रांनी मोजली, आणि त्याची कंपनी पुढे आयबीएममध्ये सामावली गेली. ऑफिसात आपण आजही हजेरी ‘पंच’ करतो, मग ती बोटाच्या ठशाने का असेना.

आणखी एक पंच होता, आणि त्याच्यावाचून छापील मराठी उभी राहिली नसती. छापखान्याचे खिळे ओतण्याआधी प्रत्येक अक्षर एका पोलादी कांडीच्या टोकावर उलटं कोरावं लागे. ती कांडी म्हणजे पंच. ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की अक्षराचा खोलगट साचा उमटे, आणि त्या साच्यात शिसं ओतून खिळे पडत. इंग्रजीची मुळाक्षरं सव्वीस. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो पंच लागत, आणि एकेक पंच कोरायला कुशल हात आणि दिवस लागत. जावजी दादाजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कोवळ्या वयात कामाला लागले, खिळे पाडण्याची कला तिथे शिकले, आणि १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी पंच कोरणारे कारागीर होते राणोजी रावजी आरू. निर्णयसागरचं वळण इतकं देखणं होतं की देवनागरी छपाईत तो एक मापदंड ठरला.

या छापखान्याच्या नावाचं पंचांग आजही घराघरांत असतं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशी पाच अंगं, म्हणून पंचांग. त्या मुखपृष्ठावरचा ‘पं’ एकेकाळी कोणीतरी पोलादी पंचच्या टोकावर उलटा कोरला होता, आणि हातोडीच्या एका ठोक्याने तांब्यात उतरवला होता.